राजाची शाल

नाटक कंपनीच्या कपडेपटात एकूण पेट्या किती, हे मालकालासुद्धा सांगता आलं नसतं. पण कुठल्या पेटीत काय आहे, हे पेटीमावशी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. राजाचा मखमली झगा कुठे, विदूषकाची विजार कुठे, खलनायकाच्या मिशांची डबी कुठे, सगळं तिच्या जिभेवर. तिचं स्वतःचं नाव काय, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. कंपनीत ती आली होती बटणं लावायला. पुढे पेट्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला लागल्या आणि लहानथोर सगळ्यांची ती पेटीमावशी झाली.

तिचं जगात एकाशीच हाडवैर होतं, ते म्हणजे कसरीशी. लोकर, मखमल, रेशीम असलं काही दिसलं की ही चिमुकली अळी जेवायला बसते. एका सुट्टीत तिने राणीच्या पायघोळ झग्याची चाळण केली, तेव्हा मावशीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक पेटीत डांबरगोळ्या. त्याही मोजून नव्हेत, मुठीने. झाकण उघडलं की शेजारच्या खोलीतला माणूस शिंकायचा.

"मावशी, मी पडद्यातून बाहेर आलो की पहिली रांग नाकाला रुमाल लावते हो!" राजाचं काम करणारा नट कुरकुरायचा.

"लावू देत. तुझा अभिनय बघून डोळ्यांना लावण्यापेक्षा नाकाला लावलेला बरा," मावशी म्हणायची आणि आणखी दोन गोळ्या टाकायची.

तिला स्वतःला तो वास येत नसे. कधीकाळी येत असणारच. पण सगळी उमर त्याच वासात गेल्यावर तिच्या नाकाने हात टेकले होते. अंगाला, केसांना, जेवणाच्या डब्याला तो वास होता आणि तिच्या लेखी तो मुळी नव्हताच.

कंपनीची म्हणून एक रीत होती. तिसऱ्या अंकात राजा दरबारात येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर एक जाड लोकरीची शाल असते, किरमिजी रंगाची, जरीच्या काठाची. कंपनीतल्या कुणाच्याही घरी मूल झालं की त्याचं पहिलं पांघरूण तीच शाल. आधी ती, मग बाकीची दुपटी. कुणी सुरू केली ही रीत, देव जाणे. पण प्रकाशयोजना करणाऱ्याची जुळी, मालकाची नातवंडं, मावशीची स्वतःची लेक, सगळी त्या शालीत गुंडाळून निघाली होती आणि सगळी धडधाकट होती. त्यातला एकजण तर आता पैलवान झाला होता.

त्यामुळे लेकीला दिवस गेलेत म्हटल्यावर मावशीने पहिलं काम काय केलं असेल, तर शाल ताब्यात घेतली. "तिसऱ्या अंकात राजाला थंडी वाजली तर वाजू दे," असं मालकाला तोंडावर सांगून तिने ती घरी आणली, स्वतःच्या पेटीत ठेवली आणि नेहमीच्या दुप्पट गोळ्या आत टाकल्या. नातवंडाची शाल ती. तिला कसर लागली असती तर मावशीने स्वतःला कधी माफ केलं नसतं. पेटीला कुलूप लागलं ते बाळ जन्मेपर्यंत उघडलं नाही.

मुलगा झाला. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आणि जावई बेकरीत भट्टीवर, दोघंही हसरी, खेळकर माणसं. जावयाने अख्ख्या गल्लीला पाव वाटले. सूतिकागृहातून बाळ घरी आलं ते राजाच्या शालीतच. मावशी सुट्टी घेऊन लेकीच्या घरी राहायला आली होती. बाळ लेकीकडे फक्त दूध प्यायला जायचं, एरवी त्याचा मुक्काम आजीच्या मांडीवर.

पहिल्यांदा लेकीच्याच लक्षात आलं. "आई, हा पिवळा नाही वाटत?"

मावशीने चष्मा चढवून पाहिलं. होता खरा थोडा. पण शेजारीण म्हणाली, सगळीच बाळं होतात, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. तेही बरोबरच. मावशीला आठवलं, लेकसुद्धा पिवळी झाली होती. मग ती सकाळी खिडकीशी खुर्ची टाकून, बाळाला शालीत नीट गुरफटून, तोंड तेवढं उघडं ठेवून उन्हात बसली. उबेने बाळ गुंगलं. मावशीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती तशीच बसली.

बाळ गुंगलं ते गुंगलंच. दूध तोंडात घेईना. रडणं इतकं क्षीण झालं की ते रडणं आहे हे कळायला कान द्यावा लागे. आणि त्या दुपारी लेकीने लंगोट बदलला तेव्हा तो कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखा तपकिरी होता. तिने लंगोट नुसता आईपुढे धरला. मावशीने बाळ शालीसकट उचललं आणि दवाखान्याकडे धाव घेतली.

दवाखान्यात बाळांची डॉक्टरीण होती, तरुण, चटपटीत, घाईघाईने बोलणारी. तिने बाळाला टेबलावर घेतलं, शाल उलगडली आणि तिचे हात एकदम थांबले.

"हा वास कसला?"

"कसला वास?" मावशी म्हणाली. खोटं नव्हती बोलत. तिला खरोखरच काही येत नव्हता.

लेकीने आईकडे पाहिलं, मग शालीकडे. "डांबरगोळ्यांचा," ती हळूच म्हणाली.

"बाळ यात किती वेळ होतं?"

"सारखंच," मावशी अभिमानाने म्हणाली. "एक क्षण उघडं नाही ठेवलं मी त्याला."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मावशीला पुढे सारखं आठवत राहिलं. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी नर्सला सांगितलं, "ही शाल बाहेर न्या. खोलीच्या नाही, इमारतीच्या बाहेर. बाळाला पुसून घ्या, दवाखान्याचे कपडे घाला. आणि रक्त पाठवा, आत्ता."

पुढचं सगळं मावशीने बाकावर बसून ऐकलं, आणि ऐकून तिचा विश्वास बसेना. सोळाच्या आसपास हवं ते हिमोग्लोबिन सातावर आलं होतं. कावीळ मेंदूपर्यंत पोचेल एवढी चढली होती.

"आजी, नीट ऐका," डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "आपलं रक्त लाल दिसतं ते त्यातल्या लाल पेशींमुळे. त्या पेशींच्या पोटात हिमोग्लोबिन असतं. तेच फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम असतं. तुमच्या नातवाच्या पेशींत ते जन्मतःच फार कमी असावं, असा मला संशय आहे. एरवी काही बिघडत नाही, अशी माणसं म्हातारी होऊन मरतात. पण काही औषधं, काही वस्तू त्यांना चालत नाहीत. डांबरगोळी त्यातलीच. तिची वाफ श्वासातून आणि कातडीतून आत गेली. त्याच्या पेशी फुटल्या. आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडलं, ते लघवीत उतरलं. उरलेल्याची कावीळ झाली."

"पण त्या शालीत इतकी मुलं वाढली," मावशी म्हणाली. "माझी लेक वाढली. एक तर पैलवान आहे हो!"

"त्यांच्यात ते एन्झाइम होतं."

"मग मी त्याला उन्हात घेऊन बसले ते?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाल तापली असेल. वाफ जास्त निघाली असेल. तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं."

जावई भिंतीला टेकून उभा होता. अंगावर अजून बेकरीचा एप्रन, हातांना पीठ. हा माणूस एरवी सासूची थट्टा केल्याशिवाय घास गिळत नसे. तो पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या पोराला काही झालं ना, तर त्या पेट्या मी जाळून टाकीन." आणि बाहेर निघून गेला. मावशीला वाटलं, पेट्या कशाला, मला जाळ.

बाळाचं रक्त बदलायचं ठरलं. थोडं काढायचं, थोडं दुसऱ्याचं घालायचं, पुन्हा थोडं काढायचं, असं करत करत फुटक्या पेशी आणि पिवळं विष बाहेर आणि कुणा अनोळखी माणसाचं चांगलं रक्त आत. मावशीला काचेतून दिसत होतं. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेला एवढासा जीव, आणि त्याच्यावर वाकलेली तीन मोठी माणसं. आयुष्यभर तिने लोकांना मरताना पाहिलं होतं, रोज, तिसऱ्या अंकाच्या शेवटी. मेलेला राजा पडदा पडला की उठून चहा मागायचा. इथे पडदा नव्हता. ती काचेला हात लावणार होती, तेवढ्यात तिला आपलेच हात दिसले आणि तिने ते पाठीमागे नेले.

बाळ वाचलं.

ते कळलं तेव्हा मावशी तिथल्या फरशीवर बसली आणि तोंड दाबून रडली. तपासण्यांत डॉक्टरीणबाईंचा संशय खरा ठरला. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणाल्या. लेकीकडून आला, आणि लेकीला आपल्या आईकडून किंवा बापाकडून. मावशीचा नवरा कंपनीत पडद्याआडून नटांना विसरलेले संवाद सांगायचा आणि वारला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. मेलेल्या माणसावर ढकलायची सोय आयतीच होती. मावशीने ती घेतली नाही. तिने मनाशी धरलं ते धरलंच, की दोषही माझा आणि गोळ्याही माझ्याच.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी काय टाळायचं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "कावीळ फार चढली होती. अशा वेळी कधीकधी कानाच्या नसेला धक्का बसतो. महिनाभराने कान तपासू." मावशी त्या वेळी दारात उभी होती. तिने ऐकलं. पण बाळ जिवंत आहे या एका गोष्टीने तिचं डोकं इतकं भरलं होतं की दुसरं काही आत शिरलंच नाही.

घरची पेटी तिने स्वतः ओढत बाहेर काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. तो पैसे देऊ लागला तर त्याच्यावर वसकन ओरडली. मग कंपनीत गेली. एकेक पेटी उघडून, नाकातोंडाला फडकं बांधून, तिने सगळ्या गोळ्या वेचल्या आणि पत्र्याच्या डब्यात बंद करून कचऱ्याच्या गाडीत नेऊन दिल्या. मालक धावत आला.

"अगं, कसर लागेल!"

"लागू दे. राजा फाटक्या झग्यात मेला तर काय बिघडतं? तो मरत नाहीच."

रोज सगळे कपडे उन्हात टाकायचे, झटकायचे, घड्या बदलायच्या, असं नवं काम तिने स्वतःमागे लावून घेतलं. हे काम पूर्वीच्या चौपट होतं. तिला तेच हवं होतं.

आणि अंघोळी. सकाळी एक, कामावरून आली की एक. नवे सुती कपडे, जुने सगळे टाकून दिले. केस तर तिने मानेवर कापूनच घेतले. तरी समाधान होईना, कारण तिला स्वतःला वास येत नव्हता. म्हणजे गेला की आहे, हे कळणार कसं? शेवटी एकदा तिने जावयालाच अडवलं.

"जावईबापू, जरा माझा वास घ्या."

जावई दचकला. मग बिचाऱ्याने खरंच दोन पावलं पुढे येऊन, मान वाकवून, दोनदा श्वास घेतला. "साबणाचा येतो आहे, आई. इतका येतो आहे की आता साबणाचीच भीती वाटते." दवाखान्यानंतर त्याने केलेली ही पहिली थट्टा. दोघंही हसली नाहीत, पण घरात बोलणं पुन्हा सुरू झालं.

तरीही मावशीने बाळाला उचललं नाही. लेक म्हणायची, घे गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही हरकत नाही. मावशी खोलीच्या त्या टोकाला खुर्ची टाकून बसायची आणि तिथून बघायची. बाळ गोरंगुलाबी झालं, बाळसं धरायला लागलं, कुणी तोंडाजवळ आलं की टकामका बघायला लागलं. तिच्या हातांना त्याचं वजन आठवायचं. तिने ते हात मांडीखाली घालून ठेवायला सुरुवात केली.

एका दुपारी जावई बेकरीतले पत्र्याचे मोठे ट्रे ठोकून सरळ करायला घरी घेऊन आला. दहाबारा ट्रे एकावर एक. दारातून आत येताना पाय अडखळला आणि अख्खी चळत फरशीवर आदळली. आवाज असा झाला की मावशी खुर्चीतून उडाली. लेक आतून ओरडत आली. समोरच्या घरातली म्हातारी दार उघडून बाहेर आली. कुठला तरी ट्रे गोल गोल फिरत खणखणत राहिला, थांबता थांबेना.

बाळ जागं होतं. ट्रे पडले तिथून चार हातांवर, चटईवर, उताणं. ते खिडकीच्या गजावर हलणाऱ्या उजेडाकडे बघत होतं. त्याचे हात हवेत हलत होते, ते तसेच हलत राहिले. पापणी लवली नाही.

"बघा, बघा माझा पठ्ठ्या!" जावई छाती फुगवून म्हणाला. "दचकलासुद्धा नाही! वाघ आहे वाघ!" आणि तो समोरच्या म्हातारीची समजूत घालायला बाहेर गेला.

मावशी जागच्या जागी उभी राहिली. उभा जन्म तिने नटांना पाहिलं होतं. विंगेत दार आपटलं तरी मेलेल्या राजाने हलायचं नाही, ही तालीम महिनोन्महिने चालायची, आणि तरी एखाद्या दिवशी तो राजा पापणी हलवायचाच. न दचकण्याचं सोंग कुणालाच साधत नाही. हे तर एवढंसं लेकरू. ते सोंग करत नव्हतं. दवाखान्याच्या दारात ऐकलेलं ते वाक्य आता तिच्या डोक्यात शब्द न् शब्द उमटलं.

ती बाळाजवळ गेली. डोक्यामागे, त्याला दिसणार नाही अशी उभी राहिली आणि जोरात टाळी वाजवली. मग दुसरी. मग तिसरी. बाळ खिडकीकडे बघत हसलं.

"अगं," ती लेकीला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "अगं, याला ऐकू येत नाहीये."

लेक खाली बसून ट्रे गोळा करत होती. ती तशीच करत राहिली. एकावर एक, सावकाश.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मला माहीत आहे, आई. दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात कळलं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा नाही. परवा लस टोचायला म्हणून गेले ना, तेव्हा कानांची तपासणी करून आले. दोनदा केली. पुढच्या आठवड्यात मोठ्या मशीनवर आहे. डॉक्टर म्हणाल्या, यंत्र लावता येतं, लहानपणी लावलं तर बोलायलाही शिकतात."

मावशीला खुर्ची सापडेना. ती चटईवरच बसली, हात मांडीखाली घालून. "आणि मला नाही सांगितलंस?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"त्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याच्या तोंडून पहिलं नाव तुझंच निघालं असतं." लेकीने शेवटचा ट्रे ठेवला आणि पहिल्यांदा आईकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत नव्हती. हे रडून झालेलं होतं, एकटीने, कुणाला कळू न देता. "आज रात्री सांगेन त्याला. चिडेल, मग शांत होईल, तो तसाच आहे. मला त्याची काळजी नव्हती. तुझी होती. तू आधीच त्याला हात लावत नाहीस. हे कळलं असतं तर तू या घरात पाऊल टाकलं नसतंस. मी ओळखते तुला. म्हणून थांबले होते, म्हटलं आधी एकदा तरी घेईल."

"माझ्यामुळे," एवढाच शब्द मावशीच्या तोंडून निघाला.

"हो, तुझ्यामुळे," लेक म्हणाली. "आणि माझ्या रक्तामुळे. नऊ महिने तेच घातलं मी त्याला. आता काय, दोघींनी दोन कोपऱ्यांत बसायचं का? मला कामावर जायचं आहे पुढच्या महिन्यापासून. याला बघणार कोण?"

तिने वाकून बाळाला उचललं आणि आईसमोर धरलं. मावशीने मांडीखालचे हात बाहेर काढले. ते इतके थरथरत होते, की बाळ त्यांच्यावर ठेवल्यावरही लेकीने खालून आपले हात काढून घेतले नाहीत.